आबांच्या नोंदीतली बाई

आबा गेले त्याच वर्षी, भात झोडून झाल्यावर, रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. पत्र इंग्रजीत होतं. शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण आधी वाटलं, माझंच इंग्रजी कमी पडतंय. अर्जदार महिलेचं नाव दिवंगत सैनिकाची पत्नी म्हणून आमच्या नोंदीत आढळत नाही, असं त्यात लिहिलं होतं. अर्जदार महिला म्हणजे माझी आई. ती त्या वेळी ओट्यावर बसून नाचणी पाखडत होती.

“काय म्हन्त्यात?” तिनं विचारलं.

“काही नाही. अजून एक कागद मागतायत,” मी म्हटलं.

आबांबरोबर उभा जन्म काढलेल्या बाईला, तू त्यांची बायको नाहीस असं सरकार म्हणतंय, हे कोणत्या तोंडानं सांगणार? पत्र घडी करून पर्समध्ये घातलं आणि चहा ठेवायला आत गेले.

आबा फौजेत होते. ऐन तरुणपणी भरती झाले, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि विंझरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या आमच्या गावी येऊन भातशेती करत राहिले. मला भाऊ-बहीण नाही. मी लग्न होऊन कापूरहोळला आले; तिथं फाट्याजवळ माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. आबा गेल्यावर त्यांची पेन्शन आणि माजी सैनिकांचं दवाखान्याचं कार्ड आईच्या नावावर व्हायला हवं होतं. आईचे गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. कार्डाची घाई खरं तर मलाच होती. तिला विचारलं तर ती म्हणायची, “दिसतंय की मला. भिताड कुटं हाय आन् दार कुटं हाय, कळतंय.”

कार्डासाठी आबांचं डिस्चार्ज बुक लागणार होतं. फौजेतून बाहेर पडताना जवानाला मिळतं ते पुस्तक. त्याची नोकरी, त्याची बायको, मुलं, सगळं त्यात असतं. आबांनी ते माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत ठेवलेलं आम्हाला ठाऊक होतं. ट्रंक खाली उतरवली, झाकण उघडलं, तर आत वाळवीनं संसार मांडलेला. जाड लोकरी कोट तेवढा धड होता. कागदांचा भुगा झाला होता. पुस्तकाचा पुठ्ठा हातात आला, आतली पानं जाळीसारखी. एका कोपऱ्यावर सर्व्हिस नंबर कसाबसा वाचता येत होता. त्या नंबरावरून आम्ही रेकॉर्ड ऑफिसला आईच्या नावानं अर्ज केला, की आबांच्या नोकरीच्या नोंदींची प्रत द्या. हे ऑफिस दूर, परराज्यात. आबांच्या पलटणीतल्या सगळ्या जवानांचे कागद तिथं ठेवलेले असतात. वाट बघून बघून आशा सोडली, तेव्हा हे उत्तर आलं होतं.

आईला घेऊन मी पुण्याला गेले. माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या एका ऑफिसात एक साहेब बसायचे, स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. बोलायला बरे होते. त्यांनी पत्र वाचलं, रेकॉर्ड ऑफिसला फोन लावला, बराच वेळ ‘हां जी, हां जी’ केलं आणि एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून घेतलं.

“ताई, पत्नीची नोंद आहे. पण ह्या मावशींची नाही,” ते म्हणाले आणि चिठ्ठीवरचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं.

बाईचं नाव होतं. मी ते आमच्या घरात कुणाच्याच तोंडून आईसाठी ऐकलं नव्हतं. फौजेतल्या माणसांबद्दल गावात दबक्या आवाजात जे जे बोललं जातं ते सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. आईकडं बघायचा धीर होईना.

आई म्हणाली, “मंग हाय की नाव. माझंच हाय ते.”

“पण मावशी, आधारवर तर वेगळंच नाव आहे.”

“ते बी माझंच हाय.”

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी आईकडं.

“ते म्हायेरचं. ह्ये सासरचं,” आई म्हणाली. ह्यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

परत येताना एसटीत तिनं सगळं सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात थोरल्या जावेचं नाव नेमकं तेच होतं. एका घरात एका नावाच्या दोन सुना नकोत, म्हणून आबांच्या आत्यानं परातीत तांदूळ पसरायला लावले आणि आईचं नवं नाव त्यावर लिहून घेतलं. ते पुढं रेशनकार्डावर चढलं, मतदार यादीत चढलं, आधारवर चढलं. जुनं नाव माहेरी राहिलं, आणि माहेरी तरी कोण वापरणार? तिचे आईवडील मी जन्मायच्या आधीच गेले, धाकटे भाऊ तिला आक्का म्हणायचे. इकडं आबा लग्नाची रजा संपवून पलटणीत परत गेले. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की फौजेत त्याची नोंद घेतात. कारकुनानं विचारलं असणार, बायकोचं नाव काय? आबांनी लग्नपत्रिकेतलं सांगून टाकलं.

“पण नाव बदललं तेव्हा आबा तिथंच होते ना?”

“व्हते की. माझ्या शेजारीच बसल्यालं. ध्येनात ऱ्हायलं नसंल.”

“बायकोचं नाव ध्यानात राहिलं नाही?”

“त्यांना कुटं नावानं हाक मारायची व्हती? आगं म्हनलं की म्या जायाची.”

खिडकीतून वारा येत होता, तिनं पदर कानावर ओढून घेतला आणि डोळे मिटले. मला आबांचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो कुणावर काढायचा तेच कळत नाही. विजेची बिलं दाभणात ओवून ठेवणारे आबा, खताच्या पावत्या पिशवीत घालून खुंटीला टांगणारे आबा! एवढ्या वर्षांत बायकोचं नाव कागदावर काय लागलंय ते एकदा बघावं, असं त्यांना वाटलं नाही. आणि आईला त्याचा राग येत नव्हता, ह्याचाही मला राग आला. माझ्या लग्नात मांडवातच माझ्या सासरच्या बायकांबरोबर तीच आत्या तांदूळ घेऊन पुढं आली होती तेव्हा ही आडवी झाली होती. “ऱ्हाऊ द्या आत्याबाई, हिचं हाय त्ये बरं हाय.” एवढंच बोलली होती, पण आत्या मागं सरली. तेव्हा मला वाटलं होतं, आईला माझं नाव आवडतं.

साहेबांनी सांगितलं होतं, दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून पाठवा, काम होईल. आम्ही वेल्ह्याला गेलो. तहसीलच्या बाहेर अर्ज टाईप करून देणारा एक माणूस बसतो, त्याच्यासमोरच्या बाकावर आईला बसवलं.

“नाव?” आईनं सांगितलं.

“पूर्वीचं नाव?” तेही सांगितलं.

“नाव बदलण्याचं कारण?”

“घरात जाऊ व्हती,” आई म्हणाली.

त्यानं ‘विवाहामुळे’ असं टाईप केलं. मग त्याचा हात थांबला. “तालुका वेल्हे लिहू का राजगड?” तालुक्याचं नाव नुकतंच बदललेलं. मी म्हटलं, आधारवर वेल्हे आहे. “मग वेल्हेच लिहितो. आणि पुढं ‘नवीन नाव राजगड’ असंही टाकतो, नाहीतर परत यावं लागंल तुमाला.” आईनं प्रतिज्ञापत्रावर सही केली. ती सही करते, अंगठा देत नाही. एकेक अक्षर सावकाश काढते आणि शेवटी वरची रेघ ओढते. त्या दिवशी तिला जुन्या नावाचीही सही करायला सांगितली. तिनं पेन टेकवलं आणि उचललं.

“ह्याची कंदी केलीच न्हाई म्या,” ती म्हणाली. मी वेगळ्या कागदावर लिहून दाखवलं, ते बघून तिनं अक्षरं काढली.

कागद रजिस्टर पोस्टानं गेले. उत्तर यायला उन्हाळा उजाडला. प्रतिज्ञापत्र पुरेसं नाही. अर्जदाराच्या पूर्वीच्या नावाचा, विवाहापूर्वीचा एखादा दस्तऐवज किंवा जन्मगावच्या सरपंचाचा दाखला जोडावा.

विवाहापूर्वीचा दस्तऐवज! आईच्या वेळच्या पोरींचे आमच्याकडं कागद नसायचेच. जन्म घरात. शाळा दुसरीपर्यंत, तीसुद्धा गुरं कुणी दुसऱ्यानं नेली असतील त्या दिवशी. आणि जन्मगाव म्हणाल तर तिचं माहेर भोरच्या पलीकडं, नीरेच्या खोऱ्यात. धरण झालं तेव्हा ते गाव पाण्याखाली गेलं. माणसं उठून दूर पूर्वेकडच्या तालुक्यात गेली, माझे मामाही तिकडंच गेले आणि तिकडंच वारले. मी दुकान बंद ठेवून त्या नव्या गावठाणातल्या शाळेत जाऊन आले. तिथल्या गुरुजींनी कपाटं उपसली. जुन्या शाळेचं दप्तर त्यांच्याकडं आलंच नव्हतं. कुठं गेलं ते कुणालाच सांगता येईना.

मग मी रेकॉर्ड ऑफिसला फोन लावायला लागले. फोन लागायचा नाही, लागला तर उचलायचे नाहीत, उचलला तर दुसरा नंबर द्यायचे. एकदा एक माणूस भेटला, आवाजावरून तरुण वाटला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, जनमगाँव के सरपंच से लिखवा लीजिए, बस.”

“गाव धरण में गया,” मी माझ्या हिंदीत म्हटलं.

“कहाँ गया?”

“पानी में. पूरा गाव पानी के नीचे है.”

मग तो म्हणाला, “तो सरपंच कहाँ है?”

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. मी फोन ठेवला आणि समोर ब्लाऊज घ्यायला आलेली बाई बसली असताना मशीनवर डोकं टेकून रडले. दुःखाचं नव्हतं ते रडू. कुणाला तरी धरून गदागदा हलवावं असं वाटत होतं आणि हाताशी कुणी नव्हतं.

त्या आठवड्यात आईकडं गेले तेव्हा, तुझ्या गावचं आता तिथं कुणी उरलं नाही असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, “समदी कुटं ग्येली? वरल्या वाडीला पानी न्हाई लागलं. तिथं धनगरांची घरं हायती की.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तू कुटं इचारलंस?”

तिला तिकडं न्यायला मात्र मिनत्या कराव्या लागल्या. गाव बुडाल्यापासून ती एकदाही त्या बाजूला गेली नव्हती. “काय बघायचंय तिथं? पानी?” असं म्हणून दोन वेळा तिनं मोडता घातला. शेवटी मी चिडून म्हटलं, “मग बस आंधळी होऊन.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुगडं बदलून, पिशवी घेऊन दारात उभी होती.

चेलाडी फाट्यावरून भोर, भोरवरून पुढं खोऱ्यात जाणारी जीप. धरणाचं पाणी उन्हाळ्यानं खूप खाली गेलेलं, काठाला तांबड्या चिखलाचे पट्टे पडलेले. जीपमधून आई दुसऱ्या बाजूला बघत बसली होती. उतरल्यावर वाडीपर्यंत चढण होती. मी तिचा हात धरला, दर थोड्या अंतरावर थांबत वर निघालो. ऊन तापलं होतं. मी मनातल्या मनात रेकॉर्ड ऑफिसातल्या सगळ्यांना ह्या चढणीवर उभं करत होते.

वरून शेळ्या खाली येत होत्या. त्यांच्यामागं एक म्हातारी, हातात काठी, काटक, काळीसावळी. तिनं कपाळावर आडवा हात धरून आमच्याकडं पाहिलं. आईही थांबून बघत होती. तिला त्या डोळ्यानं काय दिसत होतं कोण जाणे. आणि त्या बाईनं हाक मारली. “ए” म्हणून सुरुवात, आणि पुढं आईचं ते नाव, साहेबांच्या चिठ्ठीवरचं. शेवटचं अक्षर लांबवून, पलीकडच्या माळावर गुरं राखणाऱ्या पोरीला साद घालावी तशी.

“ओ!” आई म्हणाली.

मी आईला कधी अशी ओ देताना ऐकलं नव्हतं. आमच्या गावात ती कुणाची तरी कुणी होती. सूनबाई, वहिनी, काकी, फौजीणबाई. घरात आबांची ‘अगं’ आणि माझी आई. तिच्या दोन्ही नावांपैकी एकानंही तिला कुणी हाक मारत नव्हतं, आणि गंमत म्हणजे माझ्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. तिनं माझा हात सोडला आणि गुडघे दुखत नसल्यासारखी चार पावलं पुढं गेली.

“म्हातारी झालीस गं,” शेळ्यावाली म्हणाली.

“मंग तू काय ल्हान ऱ्हायलीस व्हय?”

दोघी लहानपणी एकत्र गुरं राखायच्या; आईकडं घरची गाय-वासरं, हिच्याकडं शेळ्या-मेंढ्या. एवढ्या वर्षांनी भेटल्या, तर गळ्यात पडल्या नाहीत की रडल्या नाहीत. तिथंच सावलीला बसल्या आणि कोण गेलं, कोण राहिलं, कुणाच्या सुना कशा निघाल्या, ह्याचा हिशेब सुरू झाला. पाणी कुणी आणून दिलं, ताक कुणी आणून दिलं. मी बराच वेळ थांबले, शेवटी मधेच तोंड घालून आमचं काम सांगितलं.

म्हातारी आधी ऐकत राहिली, मग खदाखदा हसायला लागली. “सरकारला म्हाईत न्हाई व्हय ही कोन हाय ते? आगं, हिच्या हळदीला म्या व्हते. हिचा नवरा मिल्ट्रीतला हाय म्हून आमी पोरी मांडवात बंदूक बघायला ग्येलो व्हतो. बंदूक न्हाई आनली त्यानं. चल, कुटं सांगायचंय?”

शेळ्या नातसुनेच्या हवाली करून ती आमच्याबरोबर उतरून आली. वरची वाडी आता शेजारच्या ग्रामपंचायतीत होती. सरपंच तिशी-पस्तिशीचा, कामाचा वाटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“ताई, मी तर ह्या मावशींना आज पहिल्यांदा बघतोय. मी कसं लिहून देऊ?”

“ह्या आजी ओळखतात ना. त्यांचा जबाब घ्या, त्यावर लिहून द्या.”

“अहो, पण आजींकडं तरी काय पुरावा आहे?”

“कागद आसता तर म्या हितं कशाला आले आसते, बाबा?” म्हातारी म्हणाली. “तुझ्या आज्याला इचारलं आसतंस तर त्यानं सांगितलं आसतं. त्यो न्हाई. म्या हाय. माझं ऐक.”

तो ओशाळला. लिहून द्यायला तयार झाला. पण पंचायतीचे छापील कागद आणि शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडं, आणि ग्रामसेवकाकडं इतर गावांचाही कारभार, तो त्या दिवशी दुसरीकडं. परत आलो. पुढच्या खेपेला ग्रामसेवक होता तर सरपंच भोरला मीटिंगला. परत आलो. प्रत्येक खेपेला जीपचे धक्के, आईचे गुडघे, माझं बंद दुकान. लग्नसराईचे दिवस होते, गिऱ्हाईकं फोनवर ओरडत होती. तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला. म्हातारीनं अंगठा दिला, सरपंचानं सही केली, शिक्का नीट उमटला नाही म्हणून ग्रामसेवकानं पुन्हा मारला.

मी कागद तपासून बाहेर आले तर दोघी म्हाताऱ्या पंचायतीच्या पायरीवर बसून हसत होत्या, तोंडाला पदर लावून. कशाला हसता म्हटलं तर सांगेनात. मला त्या हसण्याचासुद्धा राग आला होता, हे मी लपवत नाही. एका कागदासाठी मी महिनाभर रक्त आटवत होते आणि जिचं काम ती जत्रेला आल्यासारखी बसली होती.

दाखला पाठवला. त्यांनी मान्य केला. आणि वर लिहिलं, नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध करून त्याची प्रत सादर करावी.

मी ते पत्र घेऊन पुण्याच्या साहेबांसमोर आपटलंच. “हे आधी सांगता येत नव्हतं का? एकदाच सगळं मागायला काय होतं ह्यांना?”

“ताई, प्रत्येक टेबलावरचा माणूस त्याच्यापुरतं बघतो,” साहेब म्हणाले. “एवढं केलंत, आता हे पण करा. तुमच्या तालुक्याचं नाव बदललं तेव्हा राजपत्र निघालंच ना? तसंच हे.”

आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, “तालुक्याला तरी कुनी इचारलं व्हतं का?”

राजपत्र झालं. सगळ्या कागदांचा नवा गठ्ठा रेकॉर्ड ऑफिसला गेला. बरेच दिवस काही नाही. फोन केला तर म्हणाले, आमच्याकडं आलंच नाही. पोस्टाची पावती होती माझ्याकडं, तिचा फोटो पाठवला. तरीही आलंच नाही. पुन्हा झेरॉक्स, पुन्हा सह्या, पुन्हा पोस्ट. त्या काळात मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. नवरा एकदा म्हणाला, “अगं, पण तुला आबांचं रेकॉर्ड पायजे का त्या लोकांशी भांडण पायजे?” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याचं चुकलं नव्हतं म्हणूनच बहुधा.

आणि मग एक दिवस, आता काही होत नाही असं धरून चालले असताना, लिफाफा आला. आत आबांची सगळी नोकरी मोजक्या कागदांवर. नाव, गाव, भरतीची तारीख, उंची, छाती, हनुवटीखाली डावीकडं तीळ. कुठल्या ठिकाणी किती काळ होते. कधी लान्सनाईक, कधी नाईक, कधी हवालदार. आणि पत्नी म्हणून आईचं माहेरचं नाव, पुढं उर्फ, पुढं सासरचं नाव. त्या सासरच्या नावातलं एक अक्षर टाईप करताना चुकलं होतं, आणि नाव भलत्याच बाईचं झालं होतं.

तसाच लिफाफा घेऊन पुण्याला गेले. साहेबांनी चष्मा लावून बघितलं. “एका अक्षराचं काय एवढं? चालतं आमच्याकडं.”

“मग आधी का नाही चाललं?”

“आधी अख्खं नाव वेगळं होतं ना, ताई.”

त्यांनी कागद ठेवून घेतले, कार्डाचं काम सुरू झालं. मी जिना उतरून रस्त्यावर आले. हायसं वाटायला हवं होतं, आणि मला समोरच्या भिंतीवर चप्पल फेकून मारावीशी वाटत होती.

संध्याकाळी आईकडं गेले. तिनं झेरॉक्स हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, “वाच समदं.” मी इंग्रजीतलं एकेक मराठीत करून सांगायला लागले. उंची वाचली तेव्हा ती म्हणाली, “तेवढं उंच न्हवतं ते.” ठिकाणांची नावं आली तेव्हा कुठून लोकरीचा मफलर आणला होता, कुठून आल्यावर आबांना हिवताप झाला होता, हे तिनं सांगितलं. तिच्या नावाच्या ओळीवर मी अडखळले. चुकलेलं अक्षर सांगितलं नाही, आणि तिनंही काही विचारलं नाही. सगळं वाचून संपलं.

“रजेचं न्हाई लिवलं?”

“कुठल्या रजेचं?”

“थोरला ग्येला तवाचं.”

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता आणि तो पाळण्यातच गेला, एवढंच मला ठाऊक होतं. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे. आई सांगायला लागली. पोराला ताप आला, वेल्ह्याला नेलं, तिथून पुढं न्यायच्या आधीच ते गेलं. माझ्या आज्यानं आबांना तार केली. आबा आले नाहीत. आले ते पुढच्या उन्हाळ्यात, नेहमीच्या रजेवर. येऊन पाळणा सोडवला, माळ्यावर टाकला, आणि शेताला गेले. रजा मागितली होती आणि मिळाली नाही, की मागितलीच नाही, हे आबांनी कधी सांगितलं नाही. तिनं कधी विचारलं नाही.

“म्हनलं, सरकारकडं तरी लिवल्यालं आसंल,” ती म्हणाली.

मला एकदम सगळ्या खेपा आठवल्या. तो बाक, ती जीप, ती चढण. “म्हणून येत होतीस होय माझ्याबरोबर?”

ती दिवा लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, रजेचे कागद इतकी वर्षं कुणी ठेवत नाही, ताई. ठराविक मुदत झाली की जाळून टाकतात. तेवढीच एक गोष्ट मला पहिल्या फोनात, सरळ, स्पष्ट कळली. संध्याकाळी जाऊन आईला सांगितलं. तिनं मान हलवली. चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

“मागितली आसंल त्यांनी,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, “न्हाई दिली आसंल.”

पेन्शन आईच्या नावावर झाली, कार्ड आलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं. आईला आता लांबचं दिसतं, नाचणीतले खडे तिला माझ्या आधी सापडतात. मी अजूनही दुकानात काम नसलं की रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लिहायला बसते. रजा देण्याची किंवा नाकारण्याची एखादी नोंद, एखादी ओळ कुठल्या तरी रजिस्टरात राहिली असेल, कृपया शोधावी. दोन अर्ज गेले, उत्तर नाही. आई विचारते, “आता गं कशाला?” मला तिला नीट सांगता येत नाही. तिनं जे मानून घेतलं ते मला मानून घेता येत नाही, एवढंच.